डरहम आणि आसपास क्विअर-स्नेही वस्ती शोधणं: बरेच महिने वापरलेल्या साधनांचा अनुभव

नॉर्थ कॅरोलायनात डरहमजवळच्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये नोकरी लागली की मराठी मंडळींकडून पहिला सल्ला येतो तो मॉरिसव्हिल किंवा केरीचा. किराणा जवळ, देऊळ जवळ, शाळा चांगल्या. जोडीदार समलिंगी असेल किंवा आपण ट्रान्स असू, तर एवढ्यावर घर ठरवू नये. इथे राज्याचा कायदा फारसा पाठीशी नाही, त्यामुळे गाव कोणतं, गल्ली कोणती आणि कागदावर काय लिहिलंय यावर पुष्कळ अवलंबून राहतं. वस्ती पारखायची जी साधनं लोक सुचवतात त्यांतली कोणती कामाची आणि कोणती दिशाभूल करतात, ते सांगतो.

आधी कायद्याचं. 2016 च्या एचबी-2 या राज्याच्या कायद्याने शहरांचे स्वतःचे भेदभावविरोधी नियम निकालात काढले. 2017 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शहरांनी खासगी नोकऱ्या आणि सार्वजनिक जागांबद्दल नवे नियम करू नयेत ही बंदी 1 डिसेंबर 2020 पर्यंत चालू राहिली. ती उठल्यावर महिन्या-दीड महिन्यात, जानेवारी 2021 मध्ये, हिल्सबरोने राज्यात पहिला नियम केला. त्याच महिन्यात कॅरबरो, चॅपल हिल आणि डरहम पुढे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेक काउंटीने नियम केला, त्यात राजधानी रॅली आणि मॉरिसव्हिल सामील झाले. बंदी उठल्या उठल्या ज्यांनी हात वर केला ती गावं आजही आमच्या यादीत वर आहेत, हा योगायोग नाही.

मात्र घराच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नका. राज्याच्या घरविषयक कायद्यात वंश, धर्म, लिंग, मूळ देश, अपंगत्व वगैरे आहे. लैंगिक कल आणि लिंगओळख नाही. 2021 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने अशा तक्रारी घ्यायला सुरुवात केली होती, पण 2025 मध्ये त्याच खात्याने लिंगओळखीसंबंधीच्या नियमाची अंमलबजावणी थांबवली. म्हणून गावाचा नियम उघडून त्यात घरभाड्याचा उल्लेख आहे का ते वाचावं. ‘नोकरी आणि सार्वजनिक जागा’ एवढंच असेल तर घरमालकापुढे त्याचा उपयोग नाही.

आता साधनं. ह्यूमन राइट्स कॅम्पेन या एलजीबीटीक्यू हक्कांच्या संस्थेचा शहरांचा निर्देशांक सगळे दाखवतात. तो 100 पैकी गुण देतो, पण ते शहराच्या कायद्यांना, पालिकेच्या नोकरी-धोरणाला, पोलिसांच्या संपर्क व्यवस्थेला. दोन शहरांची तुलना करायला ठीक. एकाच शहरातल्या दोन वस्त्यांमधला फरक त्यातून कळत नाही.

जनगणनेच्या वार्षिक सर्वेक्षणात बी-11009 क्रमांकाचा तक्ता आहे, त्यात समलिंगी विवाहित आणि अविवाहित जोडप्यांची घरं वेगळी मोजलेली असतात. पाच वर्षांची आकडेवारी घ्या आणि शेजारच्या रकान्यातली त्रुटीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) आधी बघा. एखाद्या ट्रॅक्टमध्ये (जनगणनेच्या छोट्या विभागात) 40 घरं आणि त्रुटीची मर्यादा 45 असेल, तर तो आकडा सोडून द्या. तीन-चार लागून असलेले ट्रॅक्ट एकत्र केले तरच काही अर्थ निघतो. एकटे राहणारे लोक यात दिसतच नाहीत, आणि ट्रान्स माणसंही वेगळी मोजलेली नसतात.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते जुनं मतदान. 8 मे 2012 ला समलिंगी विवाहाला राज्यघटनेतच बंदी घालणारी दुरुस्ती मतदानाला आली आणि राज्यभर सुमारे 61 टक्क्यांनी मंजूर झाली. शंभरपैकी फक्त आठ काउंट्यांत ती हरली. ऑरेंजमध्ये (हिल्सबरो, कॅरबरो, चॅपल हिल ज्या काउंटीत येतात ती) जवळपास 79 टक्के आणि डरहममध्ये 70 टक्के मतं विरोधात होती. शेजाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारलेलं दुसरं मतदान नाही. राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर मतदानकेंद्रानिहाय फाइल मिळते. एक खाच आहे: आधी टाकलेली मतं बऱ्याच फायलींत वस्तीच्या नावाखाली नसून ‘वन स्टॉप’ अशा वेगळ्या ओळीत जमा असतात. ती न बघता टक्केवारी काढली तर फक्त मतदानाच्या दिवशी आलेल्यांचं मत हाती लागतं. आणि मॉरिसव्हिल, एपेक्ससारख्या भागांत 2012 नंतर इतकी नवी घरं झालीत की तिथे ही कसोटी लावू नये. डरहमच्या जुन्या वस्त्यांना ती अजून चालते.

त्या जुन्या वस्त्या म्हणजे ट्रिनिटी पार्क, ओल्ड वेस्ट डरहम, वॉट्स-हिलंडेल, ड्यूक पार्क, ओल्ड नॉर्थ डरहम. ड्यूकच्या ईस्ट कॅम्पसच्या भोवती आणि डाउनटाउनच्या उत्तरेला त्या पसरल्या आहेत. नाइन्थ स्ट्रीट इथलीच, आणि सप्टेंबरअखेरची प्राइड मिरवणूकही याच बाजूने निघत आली आहे. तिला मोठा इतिहास आहे: 1981 मध्ये लिटल रिव्हरकाठी समलिंगी समजून लोकांवर हल्ला झाला, एकाचा जीव गेला, आणि त्याच जूनमध्ये डरहमच्या रस्त्यावर राज्यातला पहिला मोर्चा निघाला. आज एलजीबीटीक्यू सेंटर ऑफ डरहम आणि वेस्ट मेन स्ट्रीटवरचा पिनहुक हा बार, दोन्ही या वस्त्यांपासून जवळ. बहुतेक ठिकाणी सक्तीची एचओए (घरमालकांची सोसायटी) नाही. रहिवासी संघटना आहेत त्या ऐच्छिक. त्रास वेगळा: 1978 च्या आधीच्या घरांत शिसं असलेला रंग असू शकतो, आणि वॉट्स-हिलंडेलसारख्या स्थानिक वारसा हद्दीत बाहेरचे बदल करायला परवानगी लागते.

वॉलटाउनबद्दल वेगळं सांगायला हवं. ही कृष्णवर्णीय कामगारांनी उभी केलेली वस्ती आहे, आणि वाढत्या भाड्यांमुळे तीच माणसं बाहेर ढकलली जात आहेत. दुरुस्त केलेल्या महाग घरावरचा इंद्रधनुषी झेंडा बघून ‘वस्ती सुधारली’ म्हणणं आम्हाला पटत नाही. तिथे क्विअर माणसं झेंड्याच्या कितीतरी आधीपासून राहत आली आहेत.

कॅरबरो छोटं आहे, पण इथे 1995 मध्येच उघडपणे समलिंगी असलेला महापौर निवडून आला, आणि तो राज्यातला पहिला. गाडी नसलेल्या विद्यार्थ्याला आम्ही डरहमच्या आधी हेच सुचवू, कारण चॅपल हिल ट्रान्झिटच्या बसला 2002 पासून तिकीट नाही. भाड्याची घरं मात्र वर्षाच्या ठरावीक हंगामातच निघतात, ऑगस्टसाठी हिवाळ्यातच शोध सुरू करावा लागतो. हिल्सबरो शांत आणि घरटी जागा जास्त, पण संध्याकाळी सातनंतर गाडीशिवाय अडकायला होतं.

चर्चच्या पाट्या वाचायला शिका, दक्षिणेत त्या बरंच सांगतात. ‘सर्वांचं स्वागत’ ही पाटी कोणीही लावतं, तिचा काही अर्थ नाही. ‘ओपन अँड अफर्मिंग’ किंवा ‘रिकन्साइलिंग’ असं लिहिलेलं असेल तर मंडळींनी ठराव करून घेतलेला निर्णय आहे. रॅलीचं पुलन मेमोरियल आणि चॅपल हिलचं बिंकली, ही दोन बॅप्टिस्ट चर्चं समलिंगी लोकांच्या बाजूने उभी राहिली म्हणून 1992 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने त्यांना बाहेर काढलं. अशा चर्चच्या आसपास दोन-चार गल्ल्या फिरून पाहिल्या की अंदाज येतो, आपण चर्चला जात नसलो तरी.

केरी-मॉरिसव्हिलला नाही म्हणायचं कारण नाही. आपली माणसं, आपलं खाणं, गणपतीला ओळखीचे चेहरे. ज्यांनी घरी सांगितलेलं आहे त्यांना हा आधार मोठा असतो. ज्यांनी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी तीच ओळख जड होते, कारण एका इमारतीत पाहिलेलं दुसऱ्या दिवशी पुण्यात पोहोचतं. इथली बहुतेक घरं एचओएखाली आहेत. करार करण्याआधी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या संकेतस्थळावर त्या सोसायटीचं नाव टाकून ‘डिक्लरेशन’ (सोसायटीचे नोंदवलेले मूळ नियम) उतरवून घ्या, फुकट मिळतं. त्यात ‘साइन्स’ आणि ‘फ्लॅग्स’ हे दोन शब्द शोधा. अमेरिकेच्या आणि राज्याच्या 4 बाय 6 फुटांपर्यंतच्या झेंड्याला राज्याच्या कायद्यात काही संरक्षण आहे, इंद्रधनुषी झेंड्याला नाही. डिक्लरेशनमध्ये नसेल तर सोसायटीच्या ‘रूल्स’मध्ये असतं, तेही मागा. समिती सहसा स्वतःहून तपासत नाही, शेजाऱ्याची तक्रार आली की नोटीस निघते. म्हणून नियमाइतकाच शेजारी महत्त्वाचा.

भाड्याने घेताना पहिल्याच ईमेलमध्ये ‘मी आणि माझी पत्नी’ किंवा ‘माझा नवरा’ असं स्पष्ट लिहा आणि उत्तराचा सूर बघा. उत्तरच आलं नाही तर तेही उत्तर आहे. जोडीदाराचं नाव ‘ऑक्युपंट’ (नुसता राहणारा) म्हणून घालू देऊ नका. ‘टेनंट’ (भाडेकरू) म्हणून दोघांच्या सह्या हव्यात. तसं नसेल तर एकाने घर सोडलं किंवा त्याचं काही बरंवाईट झालं की दुसऱ्याचा घरावर हक्क राहत नाही. दोघांच्या सह्यांची किंमत अशी की पूर्ण भाडं दोघांपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकतं. एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्याकडे बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो आणि तपासणीचा अर्ज तिथेच अडतो. ऑनलाइन अर्ज न भरता कार्यालयात पासपोर्ट घेऊन जा. जादा अनामत मागितली तर लक्षात ठेवा, वर्षाच्या करारावर राज्याच्या कायद्याने कमाल दोन महिन्यांचं भाडं घेता येतं. ट्रान्स अर्जदाराने जुनं कायदेशीर नाव ‘आधीची नावं’ या रकान्यात द्यावं. नको वाटतं, हे खरं, पण तो रिकामा ठेवला की क्रेडिट अहवाल जुळत नाही आणि यंत्रणा परस्पर नकार देते.

घर विकत घेत असाल तर इथे व्यवहार वकिलाकडून पूर्ण होतो. विवाहित जोडप्याला ‘टेनन्सी बाय द एंटायरटी’ मिळते: एक गेला की घर दुसऱ्याचं, आणि एकट्याच्या कर्जासाठी घरावर टाच येत नाही. अविवाहित जोडप्याच्या डीडमध्ये (मालकीच्या दस्तात) काही न लिहिता दोन नावं घातली की ते ‘टेनंट्स इन कॉमन’ (वेगवेगळ्या वाट्यांचे मालक) धरले जातात. मग एक गेला आणि मृत्युपत्र किंवा मुलंबाळं नसतील, तर त्याचा वाटा त्याच्या आईवडिलांकडे किंवा भावंडांकडे जातो आणि दुसऱ्याला त्यांच्यासोबत घर वाटून घ्यावं लागतं. ‘राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप’ (एकाच्या मागे दुसऱ्याचा हक्क) हे शब्द डीडमध्ये स्पष्ट हवेत. मसुदा सहीच्या दोन दिवस आधी मागवून ती ओळ स्वतः वाचा.