गन्सन कलरट्यून: सिलिंडरमधली ज्योत दाखवणारा काचेचा प्लग

दोन किंवा चार कार्ब्युरेटरच्या बाइकवर एकाच सिलिंडरचं मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) बिघडलं की आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन चालणं) अडखळतं. व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजणारं मीटर) लावून सगळे बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपा) बरोबरीत आणता येतात, पण त्यातून हवेचा हिशोब लागतो, पेट्रोलचा नाही. पेट्रोलचा हिशोब गन्सन कंपनीचा कलरट्यून लावतो. स्पार्क प्लगच्या जागी हा काचेचा प्लग बसवायचा आणि आतलं ज्वलन थेट बघायचं. शेगडीसारखी निळी ज्योत म्हणजे मिक्स्चर बरोबर, पिवळी-नारिंगी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), फिकट पांढरट निळी म्हणजे लीन (पेट्रोल कमी).

घेण्याआधी प्लगचे आटे तपासा. एनजीके कंपनीच्या प्लगचा क्रमांक ‘बी’ने सुरू होत असेल तर 14 मिमी, ‘डी’ असेल तर 12, ‘सी’ असेल तर 10. खोल विहिरीतल्या प्लगसाठी सोबतची आरशाची नळी लागतेच.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि व्हॅक्यूम आधी जुळवून घ्या, नाहीतर रंग बघून चुकीचा स्क्रू फिरवला जाईल. इंजिन पूर्ण गरम करा, उजेड कमी करा आणि एकेक सिलिंडर तपासा. प्लग हाताने बसवून पान्याने बेताचाच आवळा. पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिक्स्चर ठरवणारा) पाव फेरा फिरवा, थोडं थांबा, मग रंग बघा. स्क्रू बटरफ्लायच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, म्हणून बाहेर काढला की रिच होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आणि परिणाम नेमका उलटा. इथे गफलत फार होते.

खरी किंमत वसूल होते ती स्क्रू फिरवूनही रंग बदलत नाही तेव्हा. ज्योत पांढरटच राहिली तर पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबलाय किंवा इनटेक रबरातून हवा शिरतेय. रबराच्या सांध्यावर थोडं पाणी फवारा. आयडलिंग बदललं तर गळती तिथेच आहे. पिवळीच राहिली तर फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह (कार्ब्युरेटरमध्ये किती पेट्रोल साठेल ते ठरवणारे भाग) बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात 1 आणि 4 यांना एकच कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असेल आणि दोन्हीकडे ज्योत मधूनमधून गायब होत असेल, तर कार्ब्युरेटर सोडा, कॉइल तपासा.

मर्यादाही आहेत. काच काजळली की निळी ज्योतही पिवळी भासते, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरनंतर ती पुसावी. ऑइल जळत असेल तरी नारिंगी छटा येते. हे साधन आयडलिंग आणि हलक्या थ्रॉटलपुरतंच. मेन जेटबद्दल (जास्त थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा) ते काही सांगत नाही. प्लग लावून गाडी चालवू नये, जोरात रेसही करू नये. एअर-कूल्ड इंजिनासमोर पंखा ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत काम उरका.

एकाच कार्ब्युरेटरच्या बाइकसाठी खास घेण्याची गरज नाही. कार्ब्युरेटरची रांग असेल तर मात्र जरूर घ्या, आणि मिक्स्चर जुळल्यावर व्हॅक्यूम गेज पुन्हा एकदा लावा, कारण स्क्रू हलले की आयडलिंगही हलतं.