सी-व्हिजिल अ‍ॅप: नोटांवर जलद, भाषणांवर तोकडे

लोकशाहीच उलथवू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याची सोय जर्मनीच्या घटनेत आहे. १९५२ आणि १९५६ मध्ये ती वापरलीही गेली. आपल्याकडे चिथावणीखोर प्रचाराला आवर घालायची भिस्त आचारसंहितेवर आणि तक्रार करणाऱ्या मतदारावर. त्या मतदाराला आचारसंहिताभंगाची तक्रार फोनवरून करता यावी म्हणून निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आणलेले सी-व्हिजिल अ‍ॅप प्रत्येक मुंबईकराच्या फोनमध्ये असायला हवे. मात्र ते लोकसभा-विधानसभेसाठी आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते, तेव्हा याच्यावर विसंबू नका.

फोटो किंवा २ मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच घ्यायचा आणि ५ मिनिटांत पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप चालत नाही, आणि हेच याचे बलस्थान: जुने व्हिडिओ फिरवून खोट्या तक्रारी करता येत नाहीत. पुढे ५ मिनिटांत तक्रार भरारी पथकाकडे, १५ मिनिटांत पथक जागेवर, ३० मिनिटांत पडताळणी, ५० मिनिटांत निर्णय. एकूण १०० मिनिटे. जागा जीपीएसवरून ठरते, पण टॉवरचा मजला किंवा चाळीतली खोली जीपीएस सांगत नाही. तपशिलात विंग, मजला, जवळची खूण लिहाच, नाहीतर पथक गेटवरूनच परत फिरेल. नाव लपवता येते. मग तक्रारीचे काय झाले ते मात्र कळत नाही.

नोटा, दारू, साड्यांचे वाटप, मुद्रक-प्रकाशकाचे नाव नसलेली पत्रके, रात्री १० नंतरचे भोंगे यांसाठी अ‍ॅप उत्तम.

भाषणांचे तसे नाही. धार्मिक चिथावणीचा पर्याय यादीत आहे, पण पथक येईपर्यंत सभा उठलेली असू शकते, आणि कोणते वाक्य कायद्याच्या कचाट्यात येते हे अर्ध्या तासात ठरत नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्यामुळे डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले १९९५ मध्ये. तोवर त्या विधानसभेची मुदत कधीच संपली होती!

तरीही भाषण टिपाच. आधी मंच आणि पक्षाचा फलक, मग वक्ता, मग बोलणे सलग, मध्ये न तोडता. अ‍ॅपमधले चित्रीकरण गॅलरीत साठत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला साध्या कॅमेऱ्यावर पूर्ण भाषण घ्यायला सांगा आणि मूळ फाइल जपून ठेवा. निवड रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो, पण निकालानंतर ४५ दिवसांच्या आतच.