जुनं मोटरहोम आणि न्यूपोर्टचे खेकडे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. चोवीस फुटी, फोर्ड ई-450 वर बांधलेलं, 6.8 लिटरचं व्ही-10 पेट्रोल इंजिन, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. तिन्ही घरं अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला, एकमेकांपासून दहा मिनिटांवर. नोव्हेंबरपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या. त्यातल्या सात ओरेगनच्या किनाऱ्यावर, न्यूपोर्टला, खेकडे धरायला. "विकत घ्यावं की भाड्यानं काढावं?" असं इथले बरेच मराठी मित्र विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याचं. आम्हाला या गाडीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो पाण्याची वाट बघत बसायला. न्यूपोर्टच्या याक्विना खाडीत पाणी जोरात चढत-उतरत असतं तेव्हा खेकडा वाळूत दबून बसतो, आमिषाकडे फिरकत नाही. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं, तो पाऊण-एक तास आणि त्याच्या आगेमागे थोडा वेळ, एवढंच आपलं. मोटेलात उतरायचो तेव्हा ही वेळ एकतर पहाटे पाचला यायची, नाहीतर बरोबर खोली सोडायच्या वेळेला. दोनदा तर पाणी थांबायला लागलं आणि आम्ही सामान भरत होतो. आता साउथ बीच स्टेट पार्कात, तिथल्या मुक्कामाच्या जागेवर, गाडी लावतो, सोबत एक कार असतेच. दोघं अंधारात उठून धक्क्यावर जातात, तिसरा गाडीत थांबतो, पोरं झोपलेली राहतात. परत येतो तेव्हा आत हीटर चालू असतो आणि चहा उकळत असतो. पॅसिफिकच्या थंड, ओल्या पहाटेनंतर त्या चहाची किंमत मला करता येत नाही.

आमच्यातला एक अलिबागचा, तो चिंबोरी म्हणतो. दुसरा मालवणचा, त्याची कुर्ली. मी साताऱ्याचा, लहानपणी ओढ्यातले मुठे धरलेला. इथला खेकडा डंजनेस जातीचा, ताटलीएवढा रुंद, आणि त्याला काय म्हणायचं यावर अजून एकमत झालेलं नाही. पहिल्या फेरीला अलिबागकराचा हट्ट होता, अमावस्येलाच जायचं, कारण तेव्हा चिंबोरी भरलेली असते. गेलो. अमावस्येला उधाण असतं, आणि खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या पाण्याला इतकी ओढ होती की आमच्या रिंगा, म्हणजे खेकडे धरायची गोल जाळी, तळाला टिकेचनात, दोऱ्या तिरप्या ताणल्या जायच्या. तेव्हापासून आम्ही भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, धरून जागा आरक्षित करतो. फरक लगेच दिसला. इथला खेकडा भरलेला की पोकळ हे मुख्यतः त्यानं कात कधी टाकली त्यावर ठरतं. उन्हाळ्यात बरेच मऊ कवचाचे, आत पाणीच जास्त असलेले मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्हाला सगळ्यात चांगले मिळाले. जोराचा पाऊस सुरू झाला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि खेकडा समुद्राकडे सरकतो, हे नोव्हेंबरच्या फेरीत अनुभवलं: दोन दिवसांत फक्त दोन.

धक्क्यावरून आम्हाला पिंजऱ्यापेक्षा रिंगच बरी पडली. दोन लोखंडी कड्या, मध्ये जाळं. तळाला टेकली की सपाट होते. मधोमध कोंबडीची तंगडी तारेनं घट्ट बांधायची. माशाची डोकी बांधून पाहिली, पण ती सीलने पळवली. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि मग काढणं हीच खरी कला. पहिला हिसका जोरात, कडी वर उठली पाहिजे, आणि त्यानंतर हात थांबता कामा नये. दोरी जरा सैल पडली की खेकडा कडेवरून निवांत चालत निघून जातो. बर्फासारखी दोरी हातावर हात टाकत ओढायची. रिंग पाण्याबाहेर येते, जाळ्यातून पाणी गळतं, आणि तपकिरी-जांभळट पाठ दिसते की पोरं ओरडतात.

नियम मात्र काटेकोर पाळा. फक्त नर ठेवता येतो. नराच्या पोटाखालची पट्टी निमुळती, मादीची रुंद. पाठीची रुंदी कडेचे काटे सोडून किमान 5¾ इंच. मोजपट्टी खिशातच हवी, नजरेवर जाऊ नका. बारा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि दिवसाला माणशी बारा खेकडे चालतात. आम्ही बारापर्यंत कधीच पोचलो नाही, धक्क्यावरून तिघांत मिळून दिवसाला सहा-सात आले तरी आनंद. मादी सोडून द्यायची हे मालवणकराला जड गेलं, कारण त्याच्या घरी लाखेची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, कुर्ली म्हणजे मान. पण पुढच्या वर्षीचे खेकडे तिच्याच पोटी आहेत, हे त्यानंच आता पोरांना शिकवलं आहे. निघण्यापूर्वी डोमोइक आम्लाचा इशारा आहे का तेही बघायचं. हे विष खेकड्याच्या आतड्यात साठतं, म्हणून आम्ही शिजवण्याआधीच पोट पूर्ण साफ करतो.

आता गाडीच्या तक्रारी. विकणाऱ्यानं छप्पर एकदम कोरडं असल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं. दुसऱ्याच फेरीत रात्री पाऊस लागला आणि माळ्यावरच्या पलंगावर, नेमकं माझ्या मुलीच्या उशीवर, पाणी टपकायला लागलं. झरोक्याभोवतीचं सीलंट तडकलेलं होतं आणि वरून नुसता पांढरा रंग फासलेला. त्या फसवणुकीचा राग अजून आहे. तीन शनिवार-रविवार छपरावर बसून जुनं खरवडून नवं भरलं. वापरलेली गाडी बघायला जाल तर शिडी मागा आणि स्वतः वर चढा. आत छताचे कोपरे अंगठ्यानं दाबून बघा; मऊ लागले तर तिथूनच परत फिरा.

फ्रीज गॅसवर चालतो आणि गाडी सपाट उभी नसेल तर नीट थंड करत नाही, हे कळेपर्यंत एकदा दूध आणि वाटप दोन्ही नासलं. खारा वारा पायरीच्या बिजागऱ्या आणि खालचं लोखंड खातो, म्हणून घरी आल्याबरोबर गोड्या पाण्यानं गाडीखाली धुणं आलंच. आमच्या जागेवर वीज-पाणी मिळतं, सांडपाणी निघताना टाकी रिकामी करायच्या ठिकाणी सोडायचं. दहा माणसं एकदाच एकत्र झोपलो, पुन्हा नाही. आता एक कुटुंब बाजूला तंबू टाकतं. पेट्रोल गॅलनला आठ-नऊ मैल, म्हणजे जाऊन-येऊन तीस गॅलन तरी जातं. वर्षाला दोन-तीनच फेऱ्या होणार असतील तर भाड्याचीच घ्या. आम्हाला परवडलं ते तीन घरं असल्यामुळे आणि सगळा हिशोब एका वहीत असल्यामुळे.

स्वयंपाक शक्यतो बाहेर, शेगडीवर. आत खेकडा उकडला तर वास पडद्यांत आठवडाभर राहतो. बारके पाय ठेचून, पाण्यात कोळून गाळायचे आणि त्या पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप. डेंगे अख्खेच रश्शात सोडायचे. डंजनेसचं मांस गोडसर असतं, मसाला हात राखून घाला.

ऑक्टोबरच्या फेरीला अलिबागकराचे वडील आले होते, तीन दिवसांचा परवाना काढून. काकांना इंग्रजी फारसं येत नाही. शेजारी रिंगा टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं खेकडा उचलून त्याचा पाय दोन बोटांत दाबून पाहिला, मऊ लागला आणि पाण्यात सोडला. काका बघत होते. पुढचा खेकडा आमच्या रिंगेत आला, मापात बसला. काकांनी त्याचा पाय तसाच दाबला, मान हलवली आणि म्हणाले, "हा अजून भरायचाय, सोड." शेजारच्यानं ते बघून अंगठा वर केला. पुढचे दोन तास दोघं एकमेकांचे खेकडे दाबून बघत होते.

काका एप्रिलमध्ये पुन्हा येणार आहेत. भांगाचे दिवस बघून साउथ बीचची जागा कालच आरक्षित केली, आणि त्याआधी छपराचे सांधे परत एकदा तपासायचे आहेत.