नरसोबाच्या वाडीचे बनावट बुकिंग: खोली आणि गाडीच्या नावाखाली झालेली फसवणूक

नरसोबाच्या वाडीला शनिवार-रविवारी, त्यातही पौर्णिमेला जोडून जाण्याचा विचार असणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. एका भक्तनिवासाचे नाव वापरून आमच्याकडून खोली, गाडी आणि ‘कोड’ अशा तीन टप्प्यांत एकूण २४,०७४ रुपये काढून घेतले गेले. ज्या भक्तनिवासाचे नाव वापरले गेले त्याचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही. उलट तिथली माणसेही या प्रकाराने त्रस्त आहेत, म्हणून त्याचे नाव इथे देत नाही.

‘दर फारच स्वस्त दिसला की संशय घ्यावा’ असे आपण नेहमी ऐकतो. वाडीसारख्या ठिकाणी या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचे हे क्षेत्र दत्तभक्तांचे आहे आणि इथे राहणे आजही खरोखरच स्वस्त आहे. भक्तनिवासातील साध्या खोल्या, पुजारी मंडळींच्या घरी यात्रेकरूंसाठी राखलेली जागा, दुपारचा महाप्रसाद या सगळ्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाला चार जणांचा खर्च सहज पेलतो. त्यामुळे एखाद्याने फोनवर दोन खोल्यांचे दोन रात्रींचे २,४०० रुपये सांगितले, तर त्यात वावगे काही वाटतच नाही. भामट्याने मुद्दाम दर कमी सांगितला नव्हता. त्याने खराच वाटेल असा दर सांगितला होता, आणि माझ्या मते या फसवणुकीचे मर्म तेच आहे. त्याने दाखवलेले आमिष पैशांचे नव्हते. पौर्णिमेच्या गर्दीत खोली नक्की मिळेल, हा दिलासाच त्याचे आमिष होता.

आईचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे आणि तिला बऱ्याच दिवसांपासून वाडीला जायचे होते. मी, दादा, वहिनी आणि आई असे चौघे शुक्रवारी रात्री पुण्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला आणि तिथून वाडीला जाणार होतो. रेल्वेची तिकिटे हातात होती, खोली तेवढी ठरायची होती. मोबाइलवर भक्तनिवासाचे नाव टाकून शोध घेतला, तेव्हा नकाशावर त्याची नोंद आली. नोंदीत घाटाची आणि इमारतीची खरी छायाचित्रे होती, लोकांचे शेकडो अभिप्राय होते आणि खाली एक मोबाइल क्रमांक होता. नकाशावरच्या अशा नोंदीत बदल कुणालाही सुचवता येतो, आणि मूळ मालकाने ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेऊन लक्ष ठेवले नसेल, तर बदललेला फोन क्रमांक तिथे बराच काळ तसाच राहू शकतो. म्हणजे छायाचित्रे खरी, पत्ता खरा, अभिप्राय खरे आणि फोन मात्र चोराचा, असे होऊ शकते. आमच्या बाबतीत तेच झाले.

फोन उचलणाऱ्याने ‘श्री गुरुदेव दत्त’ म्हणून सुरुवात केली. बोलणे शांत, मराठी अस्खलित, मागे टाळ-घंटांचा आवाज. ‘ताई, बरोबर कोणी वयस्कर आहे का? आईंना जिना चढता येतो का? नाही तर मी तळमजल्यावरची खोली लिहून ठेवतो,’ असे त्याने आपणहून विचारले. घाईत असलेल्या मुलीला आईच्या गुडघ्यांची काळजी करणारा माणूस परका कसा वाटेल? पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर पादुकांचे छायाचित्र असलेले दरपत्रक आले, खोल्यांची छायाचित्रे आली, चौघांची आधारकार्डे मागवली गेली आणि ‘पौर्णिमेमुळे पूर्ण रक्कम आधी भरावी लागेल’ असा निरोपही आला.

त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणत्याही संस्थेचे किंवा ट्रस्टचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘ते आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, संस्थेच्या खात्याचे ऑडिट सुरू आहे’ असे उत्तर तयार होते. वाचकांनी इथे जरूर थांबावे. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी दिसणारे नाव हे बँकेत नोंदलेले खातेदाराचे नाव असते, आणि ते समोरच्याला आपल्या मनासारखे बदलता येत नाही. सगळ्या संभाषणात खोटे बोलू न शकणारी ती एकच ओळ होती. देवस्थाने आणि त्यांची भक्तनिवासे ही सहसा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात आणि त्यांचे खाते न्यासाच्या नावावर असते. तिथे खासगी नाव आले, तर कारण कितीही पटण्यासारखे असले तरी व्यवहार तिथेच थांबवावा. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात, म्हणजे कुणा गरजू माणसाला थोडे पैसे देऊन त्याचे खाते वापरले जाते. त्यामुळे नावावरून खरा चोर सापडत नाही.

खोलीचे पैसे गेल्यावर त्याने गाडीचा विषय काढला. ‘पहाटे मिरजेला उतरल्यावर आईंना घेऊन कुठे धावपळ करता? आमची गाडी स्टेशनवर उभी राहील. वाडी, खिद्रापूर, औदुंबर सगळे करून परत मिरजेला सोडेल, १,८०० रुपयांत.’ तेही पैसे आम्ही भरले, कारण खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आमच्या मनात होतेच. त्या शिलाहारकालीन मंदिराचा वरून उघडा, ४८ खांबांचा स्वर्गमंडप आईला दाखवायचा होता. भामट्याला हा सगळा परिसर नीट ठाऊक होता. कोपेश्वराच्या नंदीच्या दर्शनासाठी नदीपलीकडे कर्नाटकातल्या येडूरला जावे लागते, हेसुद्धा त्याने सांगितले. स्थानिक माहिती असणे म्हणजे माणूस स्थानिक आणि सच्चा असणे नव्हे, हे इतरांनीही ध्यानात घ्यावे. ही माहिती कोणालाही तासाभरात गोळा करता येते.

खरा घाला तिसऱ्या टप्प्यावर पडला. संध्याकाळी, आम्ही घराबाहेर पडण्याच्या गडबडीत असताना, त्याचा फोन आला की सिस्टीममध्ये पावती निघत नाही आणि पावती नसेल तर उद्या प्रवेश मिळणार नाही. ‘मी तुम्हाला रजिस्ट्रेशन कोड देतो. पैसे भरायचे नाहीत, फक्त कोड टाकायचा. यूपीआय उघडा, आमचे खाते निवडा, चौकटीत एक नऊ आठ सात चार टाका आणि पिन देऊन व्हेरिफाय करा.’ आकडे त्याने एकेक करून सांगितले, कुठेही ‘एकोणीस हजार’ असा शब्द उच्चारला नाही. ज्या चौकटीत तो ‘कोड’ टाकायला सांगत होता, ती रकमेची चौकट होती. क्षणात खात्यातून १९,८७४ रुपये वजा झाल्याचा संदेश आला. मी ओरडल्यावर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, ‘ताई, घाबरू नका, कोड चुकीचा पडला. आता दोन नऊ आठ सात चार टाका, म्हणजे दोन्ही रकमा एकदम परत येतील.’ वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

यूपीआय पिन हा पैसे देण्यासाठी किंवा आपल्या खात्यातली शिल्लक पाहण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी, परत मिळवण्यासाठी, पावतीसाठी, पडताळणीसाठी किंवा नोंदणीसाठी पिन कधीही लागत नाही. रकमेच्या चौकटीत टाकलेला कोणताही आकडा ही रक्कमच असते. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि नुकतेच मोबाइल बँकिंग वापरू लागलेल्यांना ही तीन वाक्ये प्रवासाला निघण्याआधी समजावून सांगावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दादाने लगेच १९३० हा क्रमांक लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक आणि समोरचा यूपीआय पत्ता विचारतात. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम अजून खात्यात शिल्लक असेल, तर ती गोठवली जाते. भामटे मात्र आलेली रक्कम काही मिनिटांत पुढच्या खात्यांत फिरवतात, म्हणून इथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. आधी भामट्याशी वाद घालू, मग तक्रार करू, असे करण्यात रक्कम हातची जाते. आमच्या १९,८७४ रुपयांपैकी काही भाग असा अडकवता आला. आधीच्या दोन रकमा निघून गेल्या होत्या.

रेल्वेची वेळ होत आली होती आणि आईचे मन मोडवेना, म्हणून आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो. मिरजेला पहाटे उतरल्यावर अर्थातच कोणतीही गाडी उभी नव्हती. स्टेशनबाहेर एक खासगी वाहनवाला मात्र भेटला. नऊ वाजेपर्यंत एसटी सुटत नाही आणि पौर्णिमेमुळे वाडीत एकही खोली शिल्लक नाही, असे त्याने ठामपणे सांगितले आणि वाडीपर्यंतचे १,६०० रुपये मागितले. वर ‘माझ्या ओळखीचे लॉज आहे, तिथेच सोडतो’ अशी तयारीही दाखवली. त्याच्या गाडीची पाटी पांढरी होती, म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना त्या गाडीला नव्हता. असा परवाना असलेल्या गाडीची पाटी सहसा पिवळी असते. मिरजेहून वाडी वीस किलोमीटरच्या आत आहे. आम्ही रिक्षाने बसस्थानक गाठले, तर नऊ वाजायच्या कितीतरी आधीच वाडीला जाणारी एसटी मिळाली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आईचे तिकीट लागले नाही, वहिनीला आणि मला निम्मे लागले आणि पूर्ण तिकीट एकट्या दादाचे काढावे लागले. या सवलती माहीत असलेला प्रवासीही स्टेशनबाहेर ‘एसटी नाही’ या एका वाक्याला फसू शकतो, म्हणून हा तपशील देत आहे.

वाडीत त्या भक्तनिवासाच्या कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या गृहस्थांनी आमच्या मोबाइलवरचे दरपत्रक पाहिले आणि लगेच ओळखले. ‘हे आमचं नव्हे. आम्ही फोनवर पैसे घेत नाही, कोडबिड काही पाठवत नाही. हे दाखवणारे तुम्ही पहिले नाही,’ असे ते म्हणाले. आमच्यासमोरच सोलापूरकडचे एक कुटुंब तशाच दरपत्रकासह आले. त्यांच्याबरोबर लहान मुले होती आणि परतीच्या प्रवासापुरतेच पैसे उरले होते. त्या बाईंचा चेहरा पाहून मला स्वतःच्या पैशांपेक्षा अधिक संताप आला, कारण देवाच्या दारी येणाऱ्या माणसाच्या विश्वासावर हा धंदा चालतो. खोल्या खरोखरच भरलेल्या होत्या. कार्यालयातल्या गृहस्थांनी जवळच्याच एका पुजाऱ्यांच्या घरी विचारपूस केली आणि आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. त्या घरच्या काकूंनी पैसे निघताना द्या म्हणून सांगितले.

त्यानंतर मी जे पडताळले, ते सांगते. राहण्याच्या जागेचा क्रमांक नकाशावरून किंवा शोधाच्या पहिल्या ओळीवरून घेऊ नये. देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा, जुन्या पावतीवरचा किंवा नुकतेच जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाने दिलेला क्रमांक घ्यावा आणि तो क्रमांक दुसऱ्या एखाद्या मार्गाने जुळतो का ते पाहावे. वाडीतल्याच एखाद्या पेढ्या-बासुंदीच्या दुकानदाराला फोन करून ‘समोरच्या भक्तनिवासाचा नंबर काय’ असे विचारले, तरी खरे-खोटे कळते. पावसाळ्यात तर हे हमखास करावे. कृष्णेचे पाणी चढून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी लोक ऐनवेळी, मिळेल त्या वाहनाने निघतात. खोलीची निकड तेव्हा सर्वांत जास्त असते आणि चौकशीला सवड सर्वांत कमी.

परतल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रारीचा पुढचा भाग पूर्ण केला आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे आणि संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागते. अर्जासोबत व्हॉट्सअॅप संभाषणाची छायाचित्रे, क्यूआर कोड, बँकेचा उतारा आणि फोनच्या नोंदी जोडाव्या लागतात, म्हणून रागाच्या भरात काहीही पुसून टाकू नये. चौघांची आधारकार्डे त्याच्याकडे गेली असल्यामुळे आम्ही आधारचे बायोमेट्रिकही लॉक करून ठेवले. तक्रारीनंतर ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमची गोठवलेली रक्कम सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा’ असा एक फोन आला. तोही फसवणुकीचाच भाग होता. रक्कम परत देण्यासाठी पोलीस किंवा १९३० कोणतेही शुल्क मागत नाहीत. गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठीच्या आमच्या अर्जाची प्रक्रिया सध्या सुरू आहे.

नकाशावरच्या नोंदीबद्दल आम्ही आणि भक्तनिवासाने दोघांनीही तक्रार केल्यावर तो क्रमांक निघाला. पुढे तेच दरपत्रक, तेच पादुकांचे छायाचित्र आणि वेगळा मोबाइल क्रमांक घेऊन दुसरी नोंद दिसली, तिचीही तक्रार केली आहे. ज्यांचे पाचशे-हजारच गेले म्हणून ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांनी ती आता करावी. वेगवेगळ्या तक्रारींतील खाते क्रमांक आणि फोन क्रमांक जुळले, की पोलिसांना ती खाती एकमेकांशी जोडता येतात.