ओ-पेअर जुळवणारे एक संकेतस्थळ: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलींना ओ-पेअर हा शब्द आता नवा राहिलेला नाही. परदेशी कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, घरातल्या हलक्या कामांना हातभार लावायचा आणि त्या बदल्यात राहणे, जेवण, हातखर्चाचे पैसे व भाषेचा सराव मिळवायचा, असे त्याचे साधारण स्वरूप असते. माझी बावीस वर्षांची भाची ए२ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आम्ही यजमान कुटुंबे आणि ओ-पेअर यांची गाठ घालून देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाचे सशुल्क सभासदत्व घेतले. संकेतस्थळाचे नाव मी देत नाही. एका कंपनीला बदनाम करण्यापेक्षा अशा सेवेकडून काय अपेक्षित ठेवावे आणि काय ठेवू नये, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

सोयी चांगल्या आहेत, हे प्रथम नमूद करते. देश, मुलांचे वय, कामाचे तास आणि सुरू होण्याचा महिना यांनुसार कुटुंबे शोधता येतात, आणि कराराचा नमुनाही मिळतो. अडचण पडताळणीची आहे. भाचीकडून पासपोर्टची प्रत आणि छायाचित्र मागवण्यात आले, पण कुटुंबाच्या नावापुढे हिरवी खूण उमटण्यासाठी केवळ ईमेल आणि फोन क्रमांक पुरेसा असतो. आम्ही मात्र त्या खुणेचा अर्थ ‘खात्रीचे घर’ असा घेतला होता.

पहिल्या दहा दिवसांत अकरा पत्रे आली. त्यांतले सर्वांत आकर्षक पत्र लंडनचे होते. दोन मुले, दिवसाला चार तास काम, आठवड्याला ४५० पौंड, स्वतंत्र खोली आणि विमानाचे तिकीट त्यांच्याकडून. दुसऱ्याच पत्रात त्यांनी संकेतस्थळावरचा संवाद सोडून व्हॉट्सॲपवर येण्यास सांगितले, व्हिडिओ कॉल ‘कामाच्या व्यापामुळे’ टाळला आणि त्याच रात्री राजमुद्रा छापलेला करार पाठवला. पहिल्या पत्रात धाकट्या मुलीचे जे नाव होते ते करारात बदललेले होते. पाठोपाठ त्यांच्या ‘वकिलाचे’ पत्र आले: नॅनी परमिटसाठी ३८० पौंड मनी ट्रान्सफरने पाठवावेत, आणि प्रवासभत्त्यापोटी काही रक्कम खात्यात दाखवावी, जी पोहोचल्यावर परत मिळेल.

नावातली चूक मला दिसली, पण एखादा अधिक काळजीपूर्वक फसवणारा माणूस ती करणार नाही. म्हणून पत्राच्या भाषेपेक्षा त्या देशाचा व्हिसाचा नियम आधी पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे. ब्रिटनने ओ-पेअरचा स्वतंत्र व्हिसा २००८ मध्येच बंद केला. घरकामासाठी तिथे येणाऱ्याला जो व्हिसा मिळतो, तो ज्या मालकाकडे परदेशात आधीच किमान एक वर्ष काम केले आहे, त्याच्याबरोबर जाण्यासाठीच असतो. म्हणजे पुण्यातल्या मुलीला कधीही न भेटलेले लंडनचे कुटुंब पत्रावरून नॅनी म्हणून बोलावू लागले, तर ‘नॅनी परमिट’ नावाचा कागद मुळात अस्तित्वातच नसतो. हे कळल्यावर राजमुद्रा खरी की खोटी, हा प्रश्नच उरला नाही.

टोरोंटोहून आलेल्या पत्रालाही हीच कसोटी लावली. परदेशी कामगार बोलावण्यासाठी कॅनडातील मालकाला एलएमआयए नावाची जी सरकारी परवानगी लागते, तिचे शुल्क मालकाने भरायचे असते. ते कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. पत्रात नेमके तेच आमच्याकडून मागितले होते. अमेरिकेत ओ-पेअरला जे-१ व्हिसावर जावे लागते आणि तो केवळ तेथील परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थांमार्फत मिळतो, त्यामुळे एखादे कुटुंब परस्पर ‘आम्हीच व्हिसा करून देतो’ म्हणाले की पुढे वाचण्याची गरज नाही.

सर्वांत अवघड पत्र खोटे नव्हते, आणि त्याच्यावर आमचे तीन आठवडे गेले. म्युनिकजवळ राहणारे एक भारतीय कुटुंब होते. ताई आपुलकीने बोलायच्या, घर व्हिडिओवर दाखवायच्या, आणि मराठी कळते म्हटल्यावर भाचीच्या आईलाही धीर आला. बोलता बोलता कामाचे स्वरूप मात्र वाढत गेले: सकाळचे डबे, दोन वेळचा स्वयंपाक, आठवड्याला साधारण ४५ तास. जर्मनीत ओ-पेअरला आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, दीड दिवस सुट्टी द्यावी लागते, महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरो आणि विमा यजमानाने द्यायचा असतो. शिवाय घरातली जर्मन ही मातृभाषा नसून केवळ कुटुंबात बोलली जाणारी भाषा असेल, तर यजमानांच्याच मूळ देशातली ओ-पेअर त्यांना बोलावता येत नाही. ओ-पेअर म्हणून भाचीला त्या घरी व्हिसा मिळालाच नसता. ताईंना हे खरोखर ठाऊक नसावे, असे मला अजूनही वाटते. पण संकेतस्थळाला दोन्ही बाजूंचे राष्ट्रीयत्व आणि घरातली भाषा ठाऊक होती, आणि तरीही त्याने ही जोडी ‘उत्तम जुळणी’ म्हणून सुचवली. सशुल्क सेवेकडून ही चूक मला अक्षम्य वाटते.

शेवटी ज्या घराशी करार झाला, त्या घराने कोणताही गोडवा दाखवला नव्हता. तीन व्हिडिओ कॉल झाले, मूल तापाने फणफणले तर काय करशील, असे थेट प्रश्न विचारले गेले, आणि आधीच्या ओ-पेअरचा क्रमांक त्यांनी आपणहून दिला. तिच्याशी भाची तासभर बोलली. तिकीट भाचीने स्वतःच्या खर्चाने काढायचे आणि व्हिसाचे ७५ युरो अर्जाबरोबर तिनेच भरायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. त्या कुटुंबाला मात्र आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

ज्यांची वाट संकेतस्थळावरून नव्हे तर ओळखीच्या एजंटाकडून जाते, त्यांच्यासाठी थोडे लिहिणे आवश्यक आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. त्यांच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. दहावी न झालेल्या महिलेला आखातात ‘मुले सांभाळायचे काम’ देऊ करणाऱ्याकडे तर विशेष सावधपणे पाहावे, कारण ईसीआर पासपोर्ट (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागणारा, सहसा दहावी न झालेल्यांना मिळणारा पासपोर्ट) असलेल्या तीस वर्षांखालील महिलेला त्या देशांत घरकामासाठी जाण्याची मंजुरी मिळत नाही. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ असे जो म्हणतो, तो हा नियम चुकवण्यासाठीच तसे म्हणत असतो.

आता संकेतस्थळाचा सर्वांत गंभीर दोष. लंडनच्या कुटुंबाची तक्रार आम्ही नोंदवली, तेव्हा तीन दिवसांनी, एका मंगळवारी, त्यांचे पान काढून टाकण्यात आले. त्या कुटुंबाशी पत्रव्यवहार करणाऱ्या मुलींना मात्र काहीही कळवले गेले नाही. संवाद फक्त पेटीतून नाहीसा झाला. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीला त्याच घराकडून बोलावणे होते. आता सगळे बोलणे व्हॉट्सॲपवरच चालू असल्याने कुटुंबाने आपले खाते बंद केले असावे, असा तिने समज करून घेतला आणि शुक्रवारी ३८० पौंड पाठवले. रविवारी भाचीशी बोलताना तिला खरा प्रकार समजला. त्याच रात्री तिने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, परंतु रक्कम मनी ट्रान्सफरने गेलेली होती आणि तोपर्यंत उचललीही गेली होती. पान का काढले, हे सांगणारी एक ओळ मंगळवारी तिच्या पेटीत पडली असती, तर शुक्रवारी ती पैसे पाठवायला गेलीच नसती. संकेतस्थळाला मी हे सविस्तर लिहून कळवले आहे; उत्तरादाखल सुरक्षाविषयक सर्वसाधारण सूचनांचा दुवा आला.