फांतोत्सी: आधी १९७५चा बघायचा की १९७६चा?

ऊगो फांतोत्सी हा इटालियन सिनेमातला पिचलेला कारकून कोण, हे आता सांगत बसत नाही. क्लिपा पाहून झाल्यात आणि आता एक सिनेमा पूर्ण बघायचाय, असं कुणी म्हणालं की खरा प्रश्न दोघांचाच असतो: 'फांतोत्सी' (१९७५) की 'इल सेकोंदो त्राजिको फांतोत्सी' (१९७६). सिनेमे एकूण दहा निघाले, पण लुचानो साल्चेने दिग्दर्शित केलेले हे दोनच. बाकीच्यांची घाई नाही.

बहुतेक जण दुसऱ्याचं नाव घेतात आणि त्यात वावगं काही नाही. एका साहेबाला जुन्या अभिजात सिनेमांचं वेड, म्हणून सगळ्या स्टाफला ते सक्तीने बघावे लागतात. इकडे इंग्लंड-इटली सामना. फांतोत्सी घरी कांद्याचं ऑम्लेट आणि गार बिअर घेऊन टीव्हीपुढे बसलेला, आणि तेवढ्यात सिनेमाला हजर राहा म्हणून फोन येतो. पुढे भर सभेत उठून तो त्या महान रशियन सिनेमाबद्दल जे बोलतो त्यावर ९२ मिनिटं टाळ्या पडतात. गंमत म्हणजे पडद्यावरची ती 'अभिजात' दृश्यं साल्चेने स्वतःच चित्रित केली आहेत, आणि 'बॅटलशिप पोत्योमकिन' या मूळ रशियन सिनेमाचं नावही 'कोत्योमकिन' केलंय. एवढ्या एका प्रसंगासाठी दुसरा सिनेमा बघावा, हे मला मान्य आहे.

पण त्यात मला एक गोष्ट दर वेळी खटकते: ऑफिस हातातून सुटतं. शिकार होते, ऑफिसातल्या, त्याला आवडणाऱ्या सिल्वानीबाईंबरोबर काप्री बेटाची सहल होते, मोंते कार्लोचा जुगारअड्डा होतो. तिथे सेमेंत्सारा नावाचा अंधश्रद्धाळू साहेब नशीब फळफळावं म्हणून फांतोत्सीला बाटल्यांमागून बाटल्या मिनरल वॉटर पाजतो. पहिली बाटली विनोदी आहे. त्यानंतर माझा हात रिमोटकडे जातो. कदाचित माझाच दोष असेल, पण कारकुनाला मस्टरपासून लांब नेलं की तो नुसता मार खाणारा माणूस उरतो, आणि असे विनोदी मारखाऊ कुठेही सापडतात.

पहिल्यात तसं होत नाही. सुरुवातीलाच बायको पीना भीतभीत कंपनीत फोन करते: नवरा १८ दिवस घरी आलेला नाही. कुणाला पत्ताच नसतो. तो जुन्या संडासात भिंतीमागे चिणला गेलेला असतो. मग ती सकाळ. वर्षानुवर्षं हिशेब करकरून उठायची वेळ त्याने ७:५१पर्यंत ताणत आणलीय, जीभ भाजणारी कॉफी, आणि बस चुकू नये म्हणून थेट घराच्या बाल्कनीतून उडी. फांतोत्सी रंगवणाऱ्या आणि मुळात लिहिणाऱ्या पाओलो विलाज्जोने स्वतः जेनोव्हात कंपनीची नोकरी केली होती; हजेरीची धास्ती त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय ख्रिसमसचा तो प्रसंग. मुलगी मारिआंजेला साहेबांपुढे कविता म्हणते, आणि साहेब टारझनच्या माकडिणीच्या नावाने, 'चीता' म्हणून, तिची टर उडवतात. फांतोत्सी काही न बोलता तिला तिथून घेऊन जातो, आणि चीता कोण असं तिने विचारल्यावर सांगतो, अमेरिकेतली फार सुंदर नटी आहे. मारिआंजेलाच्या दिसण्यावरचे विनोद मला एरवी आवडत नाहीत. इथे मात्र दिग्दर्शक नेमका कुणाच्या बाजूने आहे ते कळतं.

शेवटचा भाग, दगड फेकण्यापासून साहेबांच्या मत्स्यालयापर्यंतचा, काहींना विस्कळीत वाटतो. असेलही.

चार मित्र जमले असतील तर दुसरा लावा, हशा जास्त मिळेल. एकटे असाल आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल, तर मी तरी पहिलाच लावेन. दोन्ही इटालियनमध्येच बघा, सबटायटल कच्ची असली तरी. विलाज्जोचा आवाज गेला तर फांतोत्सीत फारसं काही राहत नाही.