नोटर डेम विद्यापीठ : वारकरी घरातली मुलगी कॅथलिक कॉलेजात

माझी लेक अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. ती तिथं गेल्यापासून ओळखीतल्या दहा-बारा आयांचे तरी मला फोन आले असतील आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच, "अगं, ते तर फादर लोकांचं कॉलेज. तिथं कशी काय पाठवलीस?" फोनवर दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगते. आता अर्जांचे दिवस आलेत, म्हणून एकदा सलग लिहिते.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. माझं माहेर कराड, सासर बार्शी. सासऱ्यांच्या गळ्यात माळ आहे. आषाढीला पंढरपूर आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडायला भगवंताच्या देवळात बार्शीला परत, हा त्यांचा नेम पायांनी साथ दिली तोवर चुकला नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी प्रवेशाचं सांगते, कारण घाई त्याची असते. दहा अर्जांमागे साधारण एकाला जागा मिळते. अर्ज लवकर करायचा तर १ नोव्हेंबरची मुदत. यात एक गोष्ट नीट समजून घ्या. हा लवकरचा अर्ज तुम्हाला बांधून घेत नाही. निवड झाली तरी १ मेपर्यंत विचार करायला वेळ असतो. अट एवढीच, की त्याच काळात दुसरीकडे 'मिळालं तर नक्की येणार' असा बांधील अर्ज करायचा नाही. आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले. निकाल ख्रिसमसच्या आधी येतो, त्यामुळे बाकीच्या अर्जांचं ओझं पोराच्या डोक्यावरून निम्मं उतरतं. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण देणं आमच्या वेळी ऐच्छिक होतं. तुमच्या वर्षी काय आहे ते बघून घ्या.

आम्ही एका खाजगी सल्लागाराला चांगले पैसे मोजले होते. त्यानं सांगितलं, निबंधात चर्चशी जवळीक दाखवा, एखाद्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, गेल्याचा अनुभव घाला. लेकीनं ऐकलं नाही. तिनं आजोबांच्या वारीवर लिहिलं. सातवीत असताना सुट्टीत ती त्यांच्याबरोबर दिंडीत दोन मुक्काम चालली होती. पायाला फोड आले, एका अनोळखी बाईनं तिचे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं आणि नाव न सांगता पुढं निघून गेली. त्या बाईबद्दल तो निबंध होता. निवड त्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच कळत नाही. पण खोटी जवळीक दाखवायची गरज नव्हती, एवढं आज खात्रीनं सांगते. तिथं जवळपास ८० टक्के मुलं कॅथलिक आहेत. आणखी एक कॅथलिक असल्यासारखं दाखवणारं मूल त्यांना कशाला हवंय?

पैशांचं स्पष्ट बोलू. शिक्षण, राहणं, जेवण मिळून वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर आकडा जातो. तो पाहून मीही लॅपटॉप मिटला होता. पण कुटुंबाची जेवढी गरज सिद्ध होते तेवढी सगळी मदत ते देतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नवे अध्यक्ष फादर रॉबर्ट डाउड यांनी पद स्वीकारताना जाहीर केलं की यापुढे परदेशी विद्यार्थ्यांचेही अर्ज त्यांची ऐपत न बघता तपासले जातील आणि मदतीत कर्ज धरलं जाणार नाही. पुण्या-नाशिकहून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत असं करणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आकडा बघून अर्ज टाळू नका. मदतीचे कागद भरा आणि मग ठरवा.

बघायला जाल तेव्हा घड्याळ सांभाळा. शिकागोहून टोल रोडनं दोन-अडीच तासांचा रस्ता, पण साउथ बेंड, म्हणजे विद्यापीठाचं गाव, शिकागोच्या वेळेच्या एक तास पुढे आहे. पहिल्या भेटीत आम्ही वेळेत निघून तासभर उशिरा पोचलो आणि कॅम्पस बघायला निघालेला गट पुढे निघून गेला होता. गाडी नसेल तर शिकागोहून साउथ शोर लाइनची ट्रेन साउथ बेंडच्या विमानतळापर्यंत जाते. फुटबॉलचा सामना असलेल्या शनिवारी मात्र मुक्कामाला जाऊ नका. स्टेडियममध्ये ७७ हजारांवर माणूस बसतं आणि गावातल्या खोल्यांचे भाव त्या हिशेबानं चढतात. एका हॉटेलात आम्ही एका रात्रीला जे मोजलं त्यात एरवी चार रात्री झाल्या असत्या.

आता खरं सांगायचं ते. या विद्यापीठाचा जीव वर्गात जेवढा आहे तेवढाच हॉलमध्ये आहे. हॉल म्हणजे वसतिगृह, पण तो शब्द अपुरा पडतो. पहिली सहा सेमिस्टर कॅम्पसवरच राहावं लागतं. मुलींचे हॉल वेगळे, मुलांचे वेगळे. फ्रॅटर्निटी, सोरॉरिटी, म्हणजे मुलांचे आणि मुलींचे निवडक सभासदांचे क्लब, हा प्रकार इथं नाहीच. पहिल्या वर्षी हॉल कुठला आणि खोलीत सोबत कोण, हे तुम्ही निवडत नाही. जे वाट्याला येईल ते. आणि एकदा हॉल मिळाला की बहुतेक मुलं तिथंच राहतात. त्यामुळे एकाच छपराखाली अठरा वर्षांची नवी पोर आणि बावीस वर्षांची, नोकरीच्या मुलाखती देणारी ताई, दोघी असतात. वाड्यात जसं असायचं तसं. लेकीला पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसनं रडवलं तेव्हा तिला शिकवायला बसली ती वरच्या मजल्यावरची थर्ड इयरची मुलगी, आणि आता माझी लेक खालच्या मजल्यावरच्या दोघींना शिकवते.

प्रत्येक हॉलला एक रेक्टर, म्हणजे हॉलची प्रमुख, असते आणि ती तिथंच राहते. कुठं सिस्टर असते, कुठं साधी प्रापंचिक बाई. मुलांच्या हॉलमध्ये अनेक ठिकाणी फादर. लेकीला पहिल्या हिवाळ्यात फ्लू झाला तेव्हा मला कळायच्या आधी रेक्टरबाईंनी तिच्या दाराशी सूप ठेवलं होतं. मी इथं दोन तासांवर असून मला दुसऱ्या दिवशी कळलं. आईला याच्यापेक्षा अजून काय हवं असतं?

खोलीतली पहिली सोबतीण नेब्रास्काच्या शेतकऱ्याची मुलगी. घरी सहा भावंडं, रोज रात्री गुडघ्यावर बसून प्रार्थना. लेक आधी बावरली. पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, मी इथं छोटी समई ठेवली तर चालेल का? खोलीत ज्योत पेटवायला नियमानं बंदी आहे, म्हणून मग बॅटरीवरची पणती आली. दोघींची प्रार्थनेची वेळ एकच झाली. ही मैत्री आजही आहे. गेल्या वर्षी ती मुलगी आमच्याकडे गणपतीला आली, मोदक वळायला बसली आणि तिच्या पाकळ्या माझ्यापेक्षा सुबक पडल्या.

प्रत्येक हॉलमध्ये एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, असतं, रविवारी रात्री तिथं मिस्सा होते. कुणी जबरदस्ती करत नाही, हजेरी घेत नाही. लेक कधी जाते, कधी नाही. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतल्या प्रसादाच्या, वेळी इतर धर्माचे लोक हात छातीशी आडवे धरून रांगेत जाऊ शकतात, मग फादर फक्त आशीर्वाद देतात. मी एकदा तशी गेले आहे. मला त्यात परकं वाटलं नाही.

नियमाबद्दलही सांगायला हवं. मुलींच्या हॉलमध्ये मुलांनी आणि मुलांच्या हॉलमध्ये मुलींनी आठवड्यात रात्री बारापर्यंत, शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंतच थांबायचं. याला 'पॅरायटल्स' म्हणतात आणि मोडले तर ते गंभीर धरतात. सुरुवातीला आई म्हणून मला बरं वाटलं होतं. आता पटत नाही. वीस वर्षांच्या मुलामुलींना मतदानाचा हक्क आहे, त्यांना बाराचा ठोका कशाला? लेक उलट नियमाची बाजू घेते. रात्री हॉल आपला वाटतो, कुणीही कसंही जिन्यावर बसू शकतं, असं तिचं म्हणणं. आमचं यावर अजून एकमत नाही.

अभ्यासाकडे येते. मुख्य विषय कुठलाही घ्या, अगदी इंजिनीअरिंग, धर्मशास्त्राचे दोन कोर्स आणि तत्त्वज्ञान सगळ्यांना आहेच. मला याचीच सर्वांत जास्त भीती होती. मुलगी अर्थशास्त्र शिकायला गेली आणि हे तिला बायबल वाचायला लावणार! तिच्या प्रवेशाच्या वेळी मी नवऱ्याशी यावरून भांडले आहे.

प्रत्यक्षात पहिल्या कोर्समध्ये प्राध्यापकांनी पहिलाच निबंध दिला तो असा : तुमच्या घरात ज्याला पवित्र मानतात अशी एक वस्तू घ्या, ती पवित्र का हे घरातल्या माणसाला विचारा. लेकीनं बार्शीला फोन लावला. "आजोबा, तुम्ही माळ का घातली?" सासरे पाच मिनिटं बोललेच नाहीत. आम्हाला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, त्यानंतर वर्षभर ते देवळात पाऊल टाकत नव्हते, आणि एका कार्तिकीला गावातल्या एका म्हाताऱ्यानं काही न बोलता त्यांना सोबत चालत नेलं. परत येताना गळ्यात माळ होती. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

माझी भीती त्या रात्री गेली. आमच्या मुलीला कुणी त्यांचा धर्म देत नव्हतं, तिचा तिलाच विचारायला लावत होतं. वर्गात सगळेच प्राध्यापक असे नसतील, आणि पहिला कोर्स बायबलच्या अंगानंच जातो हेही खरं. पण श्रद्धा हा बोलायचा, वाचायचा, उलटतपासणी करायचा विषय आहे असं मानणारं कॉलेज मला दुसरीकडे दिसलं नाही. आमच्या शेजारची मुलं ज्या नामांकित विद्यापीठांत गेली तिथं हा विषयच निघत नाही.

दुसऱ्या वर्षी लेकीनं 'प्रोग्रॅम ऑफ लिबरल स्टडीज' घेतला. १९५० पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम. टेबलाभोवती बसायचं, पाठ्यपुस्तक नाही, मूळ ग्रंथ वाचून यायचं आणि बोलायचं. प्राध्यापक भाषण करत नाहीत, प्रश्न टाकतात. नोकरीची काळजी मलाही वाटते. नाही म्हणणार नाही. पण पूर्वी जेवताना फोनमध्ये डोकं घालून बसणारी मुलगी सुट्टीला घरी आली की बापाशी न्याय म्हणजे काय यावर रात्री एकपर्यंत वाद घालते.

जेवणाचं थोडक्यात : मोठे डायनिंग हॉल दोन, त्यातला दक्षिणेकडचा एखाद्या जुन्या चर्चसारखा उंच छताचा. शाकाहारी पोरीचे हाल होत नाहीत, पण कंटाळा येतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ मात्र तिचा लाडका, कारण त्या काळात शुक्रवारी मांस रांधत नाहीत आणि सगळं कॅम्पस तिच्या पंगतीला येतं. घरून मेतकूट, लसणाची चटणी आणि थालीपिठाची भाजणी पाठवते. थंडी शिकागोची असेल तर सवय असते, पण मिशिगन सरोवरामुळे तिथं बर्फ आमच्यापेक्षा जास्त पडतो. चांगले बूट ऑक्टोबरातच घ्या.

उणं काय? सगळीकडे एकसारखी मुलं. आई-बाबा, आजोबाही इथलेच अशी घराणी पुष्कळ. त्यांची गाणी, त्यांचे सामने, त्यांच्या आठवणी, यात आपलं पोर पहिलं वर्षभर पाहुणं असतं. लेक नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी रडायची. ज्यांना गर्दीत मिसळायला वेळ लागतो त्यांनी हे मनात धरूनच जावं. इथं मुलींना प्रवेश मिळाला तोही १९७२ साली, म्हणजे १८४२ च्या स्थापनेनंतर १३० वर्षांनी, आणि ते जुनं पुरुषी वळण कुठंकुठं अजून जाणवतं.

मागच्या ऑक्टोबरात सासरे आले. त्यांना ग्रोटो दाखवली. फ्रान्समधल्या लूर्दच्या मेरीमातेच्या गुहेची १८९६ साली बांधलेली छोटी प्रतिकृती, दगडी, काजळलेली, आत मेणबत्त्यांच्या ओळी. परीक्षेच्या आठवड्यात तिथं रात्रभर मुलं येतात. सासऱ्यांनी चप्पल काढली, थंडीत, आम्ही नको म्हणत असताना. एक मेणबत्ती लावली आणि बराच वेळ उभे राहिले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

तिथून मुख्य इमारतीकडे आलो. १८७९ मध्ये आग लागून ही सगळी जळाली होती आणि संस्थापक फादर सोरिन यांनी काही महिन्यांत पुन्हा उभी केली. वर सोनेरी घुमट, त्यावर मेरीमाता. समोर रुंद, उंच पायऱ्या. सासरे काठी टेकत सरळ चढत गेले. वर पोचून वळून बघतात तर नात खालीच.

"ये की गं वर. इथनं सगळं दिसतंय."

पदवी मिळाल्याशिवाय या पायऱ्या चढायच्या नाहीत, अशी इथल्या मुलांची रीत आहे. चार वर्षं ती खालच्या दारानं आत जाते.

"मे महिन्यात, आजोबा," ती खालून म्हणाली. "तुम्ही या."

त्यांच्या व्हिसाचं बघतोय आता. तिकीट एप्रिलअखेरचं काढायचं ठरलंय.